दुष्काळाचा लांबलेला हिशेब

१९५८ साल संपता संपता चीनच्या कम्युनिस्ट पक्षाने जाहीर केलं, की यंदा देशात ३७ कोटी ५० लाख टन धान्य पिकलं. आदल्या वर्षाच्या जवळपास दुप्पट. खरं पीक २० कोटी टनांच्या आसपास होतं, आणि गावापासून वरपर्यंत आकडे फुगवत नेणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक होतं. पुढच्या तीन-चार वर्षांत जे घडलं तो ज्ञात इतिहासातला सर्वांत मोठा दुष्काळ. तो सरून सहा दशकं उलटली. तरी त्या काळात आईच्या पोटात असलेल्या माणसांची उंची, रक्तातली साखर, मानसिक आजार, त्यांची लग्नं, त्यांचा सरकारवरचा विश्वास यांवर आजही शोधनिबंध निघत आहेत. या संशोधकांनाही शेवटी त्याच प्रश्नाशी झुंजावं लागतं ज्याने दुष्काळ ओढवला: हातात आलेला आकडा कितपत खरा मानायचा?

घडलं काय

माओ त्सेतुंग यांनी १९५८ मध्ये ‘महाझेप’ पुकारली. पोलादात पंधरा वर्षांत ब्रिटनला मागे टाकायचं आणि शेती एका दमात सामुदायिक करायची, असा बेत होता. काही महिन्यांत देशभर सुमारे २६ हजार कम्यून उभे राहिले. जमीन, जनावरं, अवजारं सगळं कम्यूनच्या मालकीचं झालं. घरची चूलही विझली, कारण जेवण आता सामुदायिक भोजनालयात मिळणार होतं. सुरुवातीचे काही महिने लोक पोटभर जेवले, आणि हिवाळा सरेपर्यंत कोठारांचा तळ दिसू लागला.

दरम्यान गावोगाव मातीच्या भट्ट्या पेटल्या होत्या. त्यांत लोकांच्या कढयासुद्धा वितळल्या, आणि निघालेलं लोखंड बहुतेक ठिकाणी टाकाऊ ठरलं. ऐन सुगीत कोट्यवधी माणसं भट्ट्यांवर आणि धरण-कालव्यांच्या कामांवर राबत होती. शेतात पीक उभं होतं, पण कापायला हात नव्हते. सोव्हिएत युनियनमधले कृषिशास्त्रज्ञ लायसेन्को यांच्या मतांवर विसंबून रोपं दाटीने लावायला आणि जमीन वाजवीपेक्षा खोल नांगरायला भाग पाडलं गेलं. धान्य खातात म्हणून चिमण्या मारायची मोहीम निघाली. चिमण्या किडेही खातात हे ध्यानात आल्यावर १९६० मध्ये मारायच्या जीवांच्या यादीतून चिमणी वगळून तिच्या जागी ढेकूण घालण्यात आला.

पण या सगळ्या खुळांनी पीक घटलं असतं, एवढी माणसं मेली नसती. मारलं ते धान्यवसुलीने. १९५९ मध्ये उत्पादन १७ कोटी टनांवर घसरलं आणि १९६० मध्ये सव्वाचौदा कोटींच्या आसपास आलं. सरकारी वसुली मात्र फुगवलेल्या आकड्यांवर बेतलेली होती. १९५९ च्या पिकातलं जवळपास ४० टक्के धान्य सरकारने उचललं. त्यातलं काही पुन्हा खेड्यांकडे वळलं, तरी उरलेल्यात गाव जगणं शक्य नव्हतं. त्याच वर्षी ४० लाख टनांहून अधिक धान्य परदेशी रवाना झालं. ठरवलेली वसुली पुरी झाली नाही की शेतकऱ्यांनी धान्य लपवल्याचा आरोप होई, झडत्या होत, मारझोड होई.

हे थांबवायची एक संधी १९५९ च्या उन्हाळ्यात लूशानला भरलेल्या पक्षाच्या बैठकीत आली होती. संरक्षणमंत्री पंग दहुआय यांनी माओंना पत्र लिहून महाझेपेतल्या चुका मांडल्या. माओंनी ते पत्र बैठकीत वाटलं, पंग यांचं मंत्रिपद गेलं आणि देशभर ‘उजव्या विचारांच्या’ लोकांविरुद्ध मोहीम सुटली. त्यानंतर उपासमारीची बातमी वर कळवणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात फास घालून घेणं होतं. हेनान प्रांतातल्या शिनयांग जिल्ह्यात सुमारे ८० लाखांची वस्ती होती. तिथे किमान दहा लाख माणसं मेली, आणि ती मरत असताना रस्त्यांवर पहारे होते, बाहेर जाणारी पत्रं टपालातच अडवली जात होती.

अस्मानी किती, सुलतानी किती

सरकारी भाषेत या काळाला दीर्घकाळ ‘नैसर्गिक आपत्तीची तीन वर्षं’ म्हटलं गेलं. त्या वर्षांत काही भागांत अवर्षण आणि पूर होते, हे खरं. पण खुद्द राष्ट्राध्यक्ष ल्यू शाओची यांनी १९६२ च्या सुरुवातीला, सात हजार पक्षकार्यकर्त्यांच्या परिषदेत, हुनानमधल्या शेतकऱ्यांचा हवाला देऊन सांगितलं की संकट तीन हिस्से निसर्गाचं आणि सात हिस्से माणसाचं होतं. माओंनी नंतर पुकारलेल्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांचा जो छळ झाला आणि १९६९ मध्ये कैदेत त्यांचा जो अंत झाला, त्याच्या कारणांत हे बोलणंही मोजलं जातं.

अर्थशास्त्रज्ञ शिन मंग, नॅन्सी चिएन आणि पिएर यारेड यांनी २०१५ मध्ये एक उलटी वाटणारी गोष्ट दाखवली: ज्या भागांत दरडोई धान्य जास्त पिकत होतं तिथेच माणसं जास्त मेली. वसुलीचा कोटा जुन्या उत्पादनावरून आधीच ठरलेला असे आणि नव्या परिस्थितीनुसार हलत नसे. सुपीक प्रदेशावर कोटा मोठा, त्यामुळे तिथलं पीक पडलं की आधी घर रिकामं होई. माझ्या मते अस्मानी-सुलतानीच्या वादाचा यापेक्षा नेमका निकाल लागणं कठीण आहे.

महाराष्ट्राचा उल्लेख इथे येतो तो अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेझ यांच्यामुळे. लोकशाही आणि मोकळी वर्तमानपत्रं असतील तिथे मोठा दुष्काळ माणसं मारत नाही, असं सेन यांचं विधान आहे. १९७०-७३ चा दुष्काळ महाराष्ट्रात अतिशय तीव्र होता. दरडोई धान्य उपलब्धता धोक्याच्या पातळीखाली गेली होती. पण मोर्चे निघत होते, वर्तमानपत्रं लिहीत होती, विधानसभेत सरकारला धारेवर धरलं जात होतं. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते आणि भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही. मात्र याच लेखकांनी भारताला दुसऱ्या बाजूने झोडपलंही आहे. आपल्याकडची रोजची, गाजावाजा न होणारी कुपोषणाची आणि आजारांची मृत्युसंख्या काही वर्षांतच चीनच्या दुष्काळाएवढी भरते, असं त्यांचं गणित होतं. सेन यांच्या विधानाचा पहिला अर्धा भाग आपल्याकडे आवडीने सांगितला जातो, दुसरा गिळला जातो.

मेले किती

दीड कोटींपासून साडेचार कोटींपर्यंत. एवढी तफावत का? १९८२ ची जनगणना आणि त्याच वर्षीचं प्रजननाचं सर्वेक्षण बाहेर येईपर्यंत जगाकडे मोजायला काही नव्हतं. त्यानंतर ज्युडिथ बॅनिस्टर यांच्यासारख्या लोकसंख्याशास्त्रज्ञांनी उलट मोजणी करून सुमारे तीन कोटींचा अंदाज काढला. चिनी पत्रकार यांग जिशेंग ३ कोटी ६० लाख म्हणतात, इतिहासकार फ्रँक डिकॉटर किमान साडेचार कोटी.

सरकारचे स्वतःचे नंतर प्रसिद्ध झालेले आकडेही पुरेसे बोलके आहेत. १९५७ मध्ये दर हजारी मृत्युदर १०.८ होता, १९६० मध्ये २५.४ झाला. आन्हुई प्रांतात त्या वर्षी तो ६८ च्या पुढे गेला. १९५९ च्या तुलनेत १९६० मध्ये चीनची लोकसंख्या एक कोटीने घटली. आन्हुई, सिचुआन, हेनान, गान्सू, ग्वेइचौ हे प्रांत सर्वाधिक होरपळले, आणि सर्वत्र खेडी शहरांपेक्षा कितीतरी जास्त.

पोटातली भूक

आईच्या पोटात असताना उपासमार झाली तर त्याचे परिणाम पन्नाशीत दिसतात, ही कल्पना ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात पुढे आणली. वाढत्या गर्भाला अन्न कमी पडलं तर तो मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंड, मूत्रपिंड, स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. पुढे अन्न मुबलक मिळालं की हे शरीर ते पेलू शकत नाही. नेदरलँड्समध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे झालेल्या उपासमारीवरून यातलं बरंच तपासलं गेलं. पण डच उपासमार काही महिन्यांची आणि एका छोट्या भागातली होती. चीनमधली तीन वर्षं चालली आणि कोट्यवधी गर्भांपर्यंत पोचली.

सर्वांत ठोस निष्कर्ष स्किझोफ्रेनियाबाबत आहे. आन्हुईतल्या वुहू भागात दुष्काळाचा मारा जबर होता, जन्मदर सुमारे ८० टक्क्यांनी पडला होता. तिथल्या मनोरुग्णालयाच्या जुन्या नोंदी घेऊन डेव्हिड सेंट क्लेअर आणि चिनी सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, की १९५९ मध्ये जन्मलेल्यांत या आजाराचा धोका ०.८४ टक्के होता, तो १९६० मध्ये जन्मलेल्यांत २.१५ आणि १९६१ मध्ये जन्मलेल्यांत १.८१ टक्के निघाला. दुपटीहून जास्त. डच अभ्यासातही हेच प्रमाण आलं होतं. पुढे दक्षिणेकडच्या ग्वांगशी प्रांतातल्या ल्यूचौ भागातही तसाच कल दिसला. तीन वेगळ्या जागा आणि उत्तर एकच. अशी एकवाक्यता या विषयात फार थोड्या ठिकाणी सापडते.

मधुमेह: जिथे सावध राहायला हवं

२०१० मध्ये यानपिंग ली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास खूप गाजला. २००२ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातले १९५४ ते १९६४ दरम्यान जन्मलेले सुमारे ७,९०० ग्रामीण प्रौढ त्यांनी घेतले. तीव्र दुष्काळी भागात गर्भावस्थेत असलेल्यांमध्ये रक्तशर्करा वाढण्याची शक्यता जवळपास चौपट निघाली, आणि पुढे ज्यांचा आहार मांसाहारी, चरबीयुक्त, पाश्चात्त्य वळणाचा झाला त्यांच्यात त्याहूनही जास्त. चीनमध्ये आज सुमारे १४ कोटी प्रौढ मधुमेही आहेत. त्यामुळे या महामारीचं मूळ माओंच्या दुष्काळात आहे, असं सांगणारे मथळे लगेच जमले.

तिथेच थांबायला हवं. दुष्काळावरचे बरेचसे अभ्यास १९५९-६१ मध्ये जन्मलेल्यांची तुलना १९६२ नंतर जन्मलेल्यांशी करतात. म्हणजे पहिला गट दुसऱ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा. मधुमेह, रक्तदाब, स्थूलता हे वयाबरोबर वाढणारे विकार. मग जो फरक दिसतो तो भुकेचा की वयाचा? चांगवेइ ली आणि एल. एच. ल्यूमी यांनी २०१७ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र करून हाच मुद्दा तपासला. दुष्काळाच्या आधी आणि नंतर जन्मलेले असे दोन्हीकडचे लोक तुलनेला घेऊन वयाचा तोल साधला, तेव्हा मधुमेह-रक्तदाबाचे बहुतेक परिणाम विरघळले. टिकून राहिला तो स्किझोफ्रेनिया. ल्यूमी हे डच उपासमारीवर आयुष्य घालवलेले संशोधक, दुष्काळाचे परिणाम नाकारण्यात त्यांचा काही स्वार्थ नाही. म्हणून त्यांचं म्हणणं मला जास्त वजनदार वाटतं.

याचा अर्थ मधुमेहाचा संबंध खोटा ठरला असा नाही. दुष्काळाची तीव्रता प्रांतोप्रांती वेगळी होती, आणि या फरकाचा वापर करून, एकाच वयाचे पण वेगवेगळ्या भागांतले लोक ताडून पाहणारे अभ्यास पुढेही होत राहिले. चौपटीसारखे आकडे मात्र बेताने घ्यावेत.

याच प्रश्नाची एक शाखा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथे दुष्काळ नव्हता, पिढ्यानपिढ्यांचं अपुरं पोषण होतं. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी जास्त आणि स्नायू कमी. वरून किडकिडीत, आतून मेदयुक्त, पुढे मधुमेहाकडे झुकणारं हे शरीर याज्ञिकांनी जगापुढे मांडलं. चिनी दुष्काळाचे अभ्यास हे तीन वर्षांच्या धक्क्याचे, पुण्याचा अभ्यास कायमच्या टंचाईचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

उंची, आणि जे मोजायला उरलेच नाहीत

दुष्काळात वाढलेली मुलं बुटकी राहिली असतील, हे कोणीही सांगेल. युयू चेन आणि ली-आन झोऊ यांनी हिशेब मांडला, की १९५९ मध्ये जन्मलेली मुलं दुष्काळ नसता तर सुमारे तीन सेंटीमीटर उंच झाली असती. पुढे त्यांची कमाईही कमी राहिली.

पण कच्च्या आकडेवारीत बऱ्याचदा हा फरक दिसतच नाही. कारण दुष्काळ ही चाळणी आहे. अशक्त, आजारी, आधीच खुरटलेली मुलं मेली, धडधाकट होती ती वाचली. आज मोजायला समोर येतात ते चाळणीवर राहिलेले. त्यांची उंची शेजारच्या वर्षांत जन्मलेल्यांइतकीच भरली तर ‘काही परिणाम झाला नाही’ असं वाटतं. शिन मंग आणि सहकाऱ्यांनी ही अडचण सोडवायला वाचलेल्यांच्या मुलांची उंची वापरली. मुलांना उंचीचा वारसा मिळतो, आईबापाचा लहानपणचा उपास मिळत नाही, असं त्यांनी गृहीत धरलं. त्यावरून निघालं की वाचलेले मुळात उंच होऊ शकणारे होते आणि त्यांची एक ते दोन सेंटीमीटर उंची भुकेने खाल्ली. हा मुद्दा सगळ्याच आजारांना लागू आहे. जो परिणाम आपण मोजतो तो बळकटांवर झालेला परिणाम आहे.

मुलगे-मुलींच्या जन्मप्रमाणावरही दुष्काळाची खूण आहे. शिगे साँग यांनी तीन लाखांहून अधिक चिनी स्त्रियांच्या प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. एप्रिल १९६० पासून मुलग्यांचं प्रमाण एकदम घसरलं आणि ते ऑक्टोबर १९६३ पर्यंत, म्हणजे दुष्काळ सरल्यावरही जवळपास दोन वर्षं, खालीच राहिलं. नर गर्भ तुलनेने नाजूक असतो, आई खंगलेली असेल तर तो टिकत नाही, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं. जिथे एरवी मुली नकोशा होतात अशा देशात निसर्गाने उलटी निवड केली.

पुढची पिढी

उत्तरेतल्या हेइलाँगच्यांग प्रांतातल्या स्वेइहुआ इथल्या कुटुंबांचा २०१७ चा अभ्यास सांगतो, की आई आणि वडील दोघेही गर्भावस्थेत दुष्काळात सापडले असतील तर त्यांच्या मुलांतही रक्तशर्करा वाढण्याची शक्यता सुमारे दुप्पट असते. सिचुआनमधल्या नोंदींवरून २०२० मध्ये असंच क्षयरोगाबाबत मांडलं गेलं: दुष्काळात जन्मलेल्यांत धोका अधिक, आणि काही प्रमाणात त्यांच्या मुलांतही. जनुकांवरच्या रासायनिक खुणा हे एक संभाव्य कारण. दुसरं साधं कारण घरातलंच आहे: खुरटलेली, कमी शिकलेली, कमी कमावणारी आई पुढच्या बाळालाही कमीच देऊ शकते. माणसांच्या बाबतीत ही दोन कारणं वेगळी काढणं फार अवघड असतं, आणि जनुकांची भाषा आकर्षक असल्याने दुसऱ्या कारणाकडे दुर्लक्ष होतं.

घरं आणि लग्नं

दुष्काळात यांगत्सीच्या दक्षिणेकडल्या गावांतून आईबाप तान्ही मुलं शहरात आणून स्टेशनवर, अनाथालयांच्या दारात ठेवून जात. शहरात शिधा मिळतो, निदान मूल जगेल, एवढीच आशा. शांघायची अनाथालयं भरून वाहू लागली, तेव्हा मुलांना रेल्वेने उत्तरेकडे पाठवलं गेलं. सुमारे तीन हजार मुलं अंतर्मंगोलियात गेली आणि मंगोल पशुपालक कुटुंबांनी ती वाढवली. ही कथा सरकारही अभिमानाने सांगतं, ‘राष्ट्राची मुलं’ या नावाने. हेनान, शानडाँगकडच्या शेतकरी घरांत गेलेल्या कितीतरी मुलांची गोष्ट मात्र बरीच वर्षं दबून होती. त्यांत बऱ्याचशा मुली होत्या. साठीच्या आसपास पोचलेली ही माणसं अलीकडच्या दशकांत दक्षिण च्यांगसू भागात भरणाऱ्या मेळाव्यांना येतात, अंगावरच्या जन्मखुणा सांगतात, डीएनए चाचणी करून घेतात. काहींना भाऊ-बहीण सापडतात. आई सापडायचे दिवस बहुतेकांसाठी सरले आहेत.

२००० च्या जनगणनेवरून डग्लस ॲल्मंड, लेना एडलुंड आणि सहकाऱ्यांनी दुष्काळी पिढीचं मधलं वय तपासलं. निरक्षरता जास्त, बेकारी जास्त, अपंगत्व जास्त. लग्नाच्या बाजारात तर गणित विचित्र झालं. चीनमध्ये नवरा साधारण दोन-तीन वर्षांनी मोठा असतो. १९६०-६१ चे मुलगे संख्येने थोडे आणि त्यांच्या मागच्या, १९६३ च्या मुली भरमसाठ. म्हणजे या मुलग्यांची चंगळ व्हायला हवी होती. तरीही दुष्काळाच्या झळा जास्त लागलेल्या पुरुषांत अविवाहित राहिलेले अधिक निघाले, आणि स्त्रियांच्या वाट्याला कमी शिकलेले नवरे आले.

जमीन आणि विश्वास

आन्हुईतल्या फंगयांग तालुक्यात दुष्काळाने हजारो माणसं नेली होती. याच तालुक्यातल्या श्याओगांग गावातल्या १८ कुटुंबांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये गुपचूप एक करार करून सामुदायिक जमीन आपसांत वाटून घेतली. सरकारी कोटा भरू, उरलेलं आपलं. पकडलो गेलो तर मुलांना इतरांनी सांभाळावं, असंही त्यात लिहून अंगठे उमटवले. पुढच्याच हंगामात पीक कितीतरी पटींनी वाढलं. प्रांताचे प्रमुख वान ली यांनी कारवाई करण्याऐवजी पाठीशी घातलं, आणि काही वर्षांत कम्यून मोडीत निघाले. राज्यशास्त्रज्ञ दाली यांग यांनी पुढे दाखवलं की हा योगायोग नव्हता. जिथे दुष्काळ जास्त भयंकर होता, तिथेच लोक आणि अधिकारी सामुदायिक शेतीतून बाहेर पडायला सर्वांत आधी तयार झाले. चीनच्या आर्थिक सुधारणांचं श्रेय देताना दंग श्याओफिंग यांचं नाव पहिलं येतं. श्याओगांगचं नाव त्याच्या आधी यायला हवं, असं मला वाटतं.

विश्वासाचंही मोजमाप झालंय. युयू चेन आणि डेव्हिड यांग यांनी विचारलं: दुष्काळ सोसलेल्या माणसाने दोष कोणाला दिला? ज्या भागात त्या वर्षांत पाऊस खरंच कमी होता तिथल्या लोकांना सरकारचं नैसर्गिक आपत्तीचं स्पष्टीकरण पटलं. ज्या भागात पाऊसपाणी नेहमीसारखं असूनही घरात माणसं मेली, तिथल्या लोकांचा स्थानिक सरकारवरचा विश्वास अर्धशतकानंतरही कमी आढळला, आणि तो अविश्वास मुलांपर्यंत उतरला. म्हणजे प्रचार चालला तो आकाशाने साथ दिली तिथेच.

आणखी एक गोष्ट लक्ष वेधते. ज्या तालुक्यांत एका आडनावाच्या भावकीचं जाळं घट्ट होतं, वंशावळीच्या पोथ्या जपलेल्या होत्या, तिथे मृत्यू कमी झाले. भावकीच्या नात्यातला गावप्रमुख वरच्यांची वसुली थोडी टाळत असे, धान्य लपवलेलं असेल तर कुणी कुणाचं नाव सांगत नसे. कम्युनिस्टांनी जी भावकी जुनाट म्हणून मोडायला काढली होती, तिनेच काही लोक तगवले.

कोणी काय बोलावं

यांग जिशेंग यांचे वडील १९५९ मध्ये हुबेईतल्या गावी उपासाने गेले. तेव्हा शाळेत शिकणाऱ्या यांगना ते आपल्या घरापुरतं दुर्दैव वाटलं, पक्षाबद्दल शंका आली नाही. पुढे सरकारी वृत्तसंस्थेत अनेक वर्षं काम केल्यावर १९९० च्या दशकात त्यांनी धान्य धोरणाचा अभ्यास करतोय असं सांगत प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांतून कागद गोळा केले. त्यांचं ‘समाधीशिला’ हे पुस्तक २००८ मध्ये हाँगकाँगला निघालं. चीनच्या मुख्य भूमीवर त्यावर बंदी आहे. २०१६ मध्ये हार्वर्डला एक पुरस्कार घ्यायलाही त्यांना जाऊ दिलं गेलं नाही. पक्षाने १९८१ च्या ठरावात महाझेपेने देशाचं गंभीर नुकसान झाल्याचं मान्य केलं, पण मृतांचा आकडा त्यात नव्हता.

बोलणं टाळलं, तरी भुकेची धास्ती धोरणांत दिसते. शहरातली धान्याची कुपनं १९९३ पर्यंत चालली. लागवडीखालची जमीन १२ कोटी हेक्टरांखाली जाऊ द्यायची नाही, ही सरकारची ‘लाल रेषा’ आहे. २०२१ मध्ये अन्ननासाडीविरुद्ध कायदा झाला, त्यात गिऱ्हाइकाला गरजेपेक्षा जास्त मागवायला लावणाऱ्या हॉटेलांना दंड आहे. यामागे आयातीचं आणि अमेरिकेशी व्यापाराचं राजकारण आहेच. पण हे धोरण आखणारी पिढी कोणत्या बालपणातून आली, हेही विसरता येत नाही.

लोकसंख्येतला खड्डा

१९६१ मध्ये चीनमध्ये सुमारे एक कोटी १९ लाख मुलं जन्मली. पोटात अन्न पडू लागताच जन्मदर उसळला आणि १९६३ मध्ये जवळपास दोन कोटी ९५ लाख. हा खड्डा आणि त्यामागचा उंचवटा तेव्हापासून देशाच्या प्रत्येक व्यवस्थेतून सरकतोय. १९७० च्या सुमारास शाळांत गर्दी झाली, १९८० च्या सुमारास रोजगारात. १९८० मध्ये एक मूल धोरण आलं तेव्हा नियोजनकारांपुढे लग्नाच्या वयाला पोचणारा हाच उंचवटा होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याचा प्रतिध्वनी पुन्हा जन्मदरात उमटला.

आता ही माणसं साठी पार करत आहेत. २०२१ मध्ये १९६१ ची विरळ पिढी साठीत पोचली, आणि साठीपुढच्यांची देशातली संख्या जेमतेम ३३ लाखांनी वाढली. पुढच्या वर्षी ती सुमारे एक कोटी २७ लाखांनी वाढली. २०२३ मध्ये, १९६३ ची पिढी आली तेव्हा, एक कोटी ७० लाखांच्या आसपास. जानेवारी २०२५ पासून चीनने निवृत्तीचं वय हळूहळू वाढवायला घेतलं. पुरुषांसाठी हा नियम जानेवारी १९६५ पासून जन्मलेल्यांना लागू होतो, त्यामुळे दुष्काळात आणि त्याच्या लगोलग जन्मलेल्या शहरी नोकरदार पुरुषांना जुन्याच नियमाने साठाव्या वर्षी पेन्शन मिळतं.

खेड्यातल्यांची गोष्ट वेगळी. १९५८ च्या हुकोऊ नियमांनी माणसाची शहरी किंवा ग्रामीण म्हणून नोंद पक्की केली, आणि दुष्काळात शिधा कोणाला मिळणार ते त्या नोंदीवर ठरलं. म्हातारपणीची सोय आजही बऱ्याच अंशी त्याच रेषेने विभागलेली आहे. शहरी निवृत्तांना महिन्याला काही हजार युआन मिळतात. साठीपुढच्या शेतकऱ्याच्या मूळ पेन्शनची किमान रक्कम केंद्र सरकारने २०२४ मध्ये २० युआनने वाढवली, आणि ती महिना १२३ युआन झाली.